नंदूच्या ट्रॅक्टरांची शेड

त्या दिवसांत आमच्या घरात कुणी भांडंसुद्धा आपटत नसे. माय चुलीवरचा तवा पदरात धरून उतरवायची आणि अलगद भुईवर टेकवायची. ज्वारी निवडायला येणाऱ्या बाया एरवी सगळ्या गावाच्या गोष्टी आमच्या आंगणात आणून टाकत, त्याही खाली मान घालून सुपं हलवत राहत. सगळ्यांचे कान रस्त्याकडे लागलेले होते. अंजनगावहून येणारी संध्याकाळची एसटी शाळेजवळच्या वळणावर गिअर बदलायची, तो घरघराट आमच्या ओसरीपर्यंत यायचा, आणि माय हातातलं काम तसंच टाकून दारात जाऊन उभी राहायची. बसमधून आबा उतरले तर अकोल्याची बातमी यायची. नाही उतरले तर पुन्हा उद्या संध्याकाळपर्यंत थांबायचं. गावात फोन एकाच किराणा दुकानात होता. तिथून कुणी आमच्या घराच्या दिशेनं येताना दिसलं की माय उंबऱ्यावरच बसकण मारायची. शेवटी त्या दुकानदारानं आपल्या पोरांना ताकीद दिली होती, की यांच्या घरासमोरून जाताना उगाच पळत जाऊ नका.

आता मी अमरावतीत राहते. घरात माणसागणिक फोन आहे, बाहेरगावी असलेला नातू त्यावर चेहरा दाखवत बोलतो. तरी संध्याकाळच्या वेळी एखादी जड गाडी कोपऱ्यावर गिअर बदलत गेली की भाजी चिरणारा माझा हात थांबतो. सूनबाई विचारते, काय झालं? मी म्हणते, काही नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात माझा मोठा भाऊ होता. त्याचं नाव वसंता, पण घरात आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो, आणि आमचं ऐकून त्याचा मुलगा नंदूही आपल्या बापाला दादाच म्हणायचा. आमच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणे. घरात आबा, माय, दादा, शोभावहिनी, नंदू आणि मी. दहावीनंतर मी घरीच होते. पुढं शिकवायचं की सोयरीक पाहायची, हे आबांचं ठरत नव्हतं. गावाच्या उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची. काळीभोर जमीन, तिच्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, विहिरीजवळ संत्र्याची बाग. आबांचा जीव बैलांवर होता आणि दादाचा ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून दादानं घरात कितीतरी दिवस अबोला धरला होता. पण ट्रॅक्टर आल्यावर दसऱ्याला त्याच्या नाकाडावर पहिलं हळदकुंकू लावलं ते आबांनीच. फक्त त्यांनी एक गोष्ट सगळ्यांना बजावून ठेवली होती. "लेकरू ट्रॅक्टरवर बसवाचं नाही. कोनी नाही बसवाचं. मी असो का नसो."

नंदू तेव्हा शाळेत जायच्या वयाला टेकला होता. त्याला ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही सुचत नसे. तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेत, हा ट्रॅक्टर ओढत न्यायचा, आणि बाया हसत हसत त्याच्या ट्रॅक्टरलाही ओवाळत. त्याच्याकडे सुतारानं करून दिलेला एक जाडजूड लाकडी ट्रॅक्टर होता, रिद्धपूरच्या यात्रेतून आणलेला निळ्या प्लास्टिकचा होता, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे किल्लीचा लाल पत्र्याचा. तो त्याच्या आईच्या वडिलांनी अकोल्याहून आणला होता. लाल ट्रॅक्टर त्याच्या उशाशी असायचा, जेवताना ताटाशी असायचा.

त्या दिवशी दादा कापसानं भरलेली ट्रॉली घेऊन निघाला. आबा बागेत होते. नंदूनं रडून आकांत मांडला, आणि वहिनीनं त्याला उचलून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून दिलं. "नाल्यापर्यंत न्या अन् तिथं उतरून द्या, सालदार घेऊन येईन वापस," ती दादाला म्हणाली. मी दारातच उभी होते. दादा हसला होता. नंदूच्या काखेत लाल ट्रॅक्टर होता. मग नाल्याच्या उतारावर काय झालं ते पाहायला कुणी नव्हतं. शेतातल्या वेचणाऱ्या बायांनी आवाज ऐकला आणि त्या धावल्या तेव्हा ट्रॅक्टर नाल्यात उलटा पडलेला होता, त्याचं एक चाक हवेत फिरत होतं, कापूस सगळ्या काठावर पांढराधोप पसरला होता आणि दादाचा पाय मडगार्डाखाली होता. नंदू थोडा अलीकडे मऊ मातीत बसलेला होता. त्याला खरचटलंही नव्हतं. दादानं त्याला पडता पडता बाहेर फेकलं असावं, असं सगळे म्हणाले.

दादाला जीपमधून अमरावतीला नेलं, आणि तिथून वहिनीच्या वडिलांनी त्याला अकोल्याला हलवलं. त्यांचं अकोल्यात कापडाचं दुकान होतं आणि हाडांचा एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचा होता. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. वहिनी दादासोबत गेली. जाताना तिनं नंदूला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, याले पाहा." तिनं त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर ती जीपमध्ये चढलीच नसती.

नंदू बोलेनासा झाला. पहिल्यांदा आम्हाला ते कळलंच नाही, कारण घरात कुणीच बोलत नव्हतं. मग लक्षात आलं की तो पाणीसुद्धा मागत नाही, माठाजवळ जाऊन उभा राहतो. आमच्या सालदार गड्यानं, किसनानं, नाल्यातून त्याचा लाल ट्रॅक्टर शोधून, धुऊन आणून दिला होता. पुढचं चाक वाकलं होतं. नंदू ओसरीवर आपले सगळे ट्रॅक्टर रांगेनं मांडायचा, आणि लाल ट्रॅक्टर उचलून उलटा ठेवायचा. मग त्याच्यासमोर मांडी घालून बसायचा. खेळायचा नाही, हात लावायचा नाही. दुपारभर बसायचा. माय आत-बाहेर करताना ते पाहायची आणि तिचा चेहरा ओढला जायचा. एकदा ती मला म्हणाली, "मले नाही पाहवत हे, कुंदे. बाप तिकडं पडला अन् हे पोट्टं रोज उलटा ट्रॅक्टर मांडून बसते. उचल थे."

मी उचलले नाहीत, तेव्हा तिनंच ते पोत्यात भरले आणि कोठीमागं टाकून दिले. नंदू रडला नाही. त्या संध्याकाळी त्यानं भाकरीचा तुकडा तोंडात घेतला आणि तसाच गालात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. सोल्यांची भाजी त्याला एरवी इतकी आवडायची की तुरीच्या शेंगा सोलायला तो मायच्या पुढ्यात बसायचा, निम्मे दाणे कच्चेच खायचा. ती भाजी केली तरी त्यानं ताट सरकवलं. त्याच्या मनगटाची हाडं दिसायला लागली तेव्हा मायला न विचारता मी ते पोतं बाहेर काढलं.

ट्रॅक्टर त्याच्यापुढं ठेवले आणि मला सुचेल ते बोलायला लागले. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडायला लागली होती. म्हटलं, "नंदू, यायले रातच्याले थंडी वाजत असन. बैलाले कोठा हाय, कोंबड्यायले खुराडं हाय. यायलेच काही नाही. आपुन यायच्यासाठी शेड करू काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. आंगणात सुपांचा आवाज चालू होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "टिनाची."

तो शब्द ऐकून ज्वारी निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. मी मात्र जणू काही झालंच नाही असं दाखवलं. म्हटलं, "टिनाचीच."

घराच्या मागं गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा ढीग जळणासाठी रचलेला होता. त्यातल्या सरळ, बारीक तुराट्या आम्ही वेचून काढल्या. मी विळ्यानं तोडायची आणि तो लांबीप्रमाणे लावून ठेवायचा. ओसरीच्या कोपऱ्यात, जिथं दुपारनंतर ऊन येतं, तिथं जागा धरली. आधी चार खुंट्या रोवल्या. मग तुराट्या सुतळीनं एकमेकींना बांधून कुडाच्या भिंती केल्या, खऱ्या शेतातल्या झोपडीच्या करतात तशाच. गोठ्यातलं शेण, काळी माती आणि थोडं कुटार, भुसा, पाण्यात कालवलं आणि दोघांनी हातांनी भिंती लिंपल्या. नंदूची बोटं बारीक, ती फटींत जायची. लिंपताना तो तोंड उघडून श्वास घ्यायचा, काम करणाऱ्या मोठ्या माणसासारखा. मध्येच उठून लाकडी ट्रॅक्टर आणायचा, दाराच्या जागी मागं-पुढं करून पाहायचा. "आखूड होते," म्हणायचा. मग मी खुंटी उपटून पुढं रोवायची. किसनानं गोड्या तेलाचा रिकामा डबा कापून, ठोकून सपाट करून दिला, त्याचं छप्पर. त्या ठोकण्याच्या आवाजानं माय दोनदा बाहेर आली, पण काही बोलली नाही. दाराला जुन्या चपलेच्या कातड्याच्या बिजागऱ्या लावल्या.

याच दिवसांत नाल्यातला खरा ट्रॅक्टर वर काढला. गावातल्या लोकांनी बैलजोड्या लावून तो ओढत आणला आणि आमच्या आंगणाच्या टोकाला उभा केला. नाकाड चेपलेलं, स्टिअरिंग वाकडं, खालच्या दांड्या मुरगळलेल्या. साखळ्यांचा खडखडाट ऐकून नंदू माझ्या मागं आला आणि त्यानं माझा परकर मुठीत धरला. ती मूठ सुटेना. लोक गेल्यावर किसनानं त्यावर ताडपत्री टाकली, तेव्हा कुठं त्याचे हात सैल झाले.

आबा त्या संध्याकाळी एसटीनं आले. ते उंच होते, पण बसमधून उतरून घराकडे येणारा माणूस मला ठेंगणा वाटला. मायनं पाणी दिलं. ते ओसरीच्या काठावर बसले आणि पाण्याकडे पाहत म्हणाले, "पाय काया-निया पडून रायला, सडून रायला. डॉक्टर म्हने, ठेवला तं जीव जाईन. उद्या-परवा सांगा म्हने."

"काय सांगा?" माय म्हणाली.

आबांनी आपल्या गुडघ्याखालून हात आडवा फिरवला. माय उठली. आत गेली, आणि विझलेल्या चुलीत फुंकणीनं फुंकत बसली. तो फुंकणीचा आवाज बराच वेळ येत होता. आबा उठून आत जायला निघाले तेव्हा कोपऱ्यातली शेड त्यांच्या पायाशी आली. ते थांबले.

"हे काय होय?"

"नंदूच्या ट्रॅक्टरांची शेड," मी म्हटलं.

"ट्रॅक्टरचं नाव काढू नका माह्यापुढं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. पण नंदू भिंतीला टेकला. आबांनी ते पाहिलं, आणि शेडला धक्का लागू न देता वळसा घालून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड वाळली होती. नंदूनं ट्रॅक्टर आत घ्यायला सुरुवात केली. तोंडानं इंजिनाचा आवाज काढत, मागं-पुढं करत, लाकडी आत गेला, निळा आत गेला. लाल ट्रॅक्टर त्यानं बाहेरच ठेवला. उन्हात, उलटा.

"याले घे न आत," मी म्हटलं.

"याले नाही."

"काहून?"

मी त्याच्या शेजारी बसले आणि बिजागरी घट्ट करायला घेतली. नजरेला नजर नसली की तो बोलायचा, हे मला आतापर्यंत कळलं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "यानं दादाले पाडलं."

मग हळूहळू, एकेक शब्द करून, त्यानं सांगितलं. नाल्याच्या उतारावर लाल ट्रॅक्टर त्याच्या काखेतून सुटला आणि दादाच्या पायाशी पडला. तो उचलायला नंदू मडगार्डवरून खाली वाकला. दादा ओरडला, बस खाली. दादानं त्याची कॉलर धरली. "मंग दादाचा स्टिअरिंगवरचा हात सुटला. मंग पडलो." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मी वाकलो, आत्या. मी वाकलो नसतो तं नसतं पडलं."

एवढ्याशा लेकरानं एवढे दिवस हे एकट्यानं धरून ठेवलं होतं. मी त्याला जवळ घेतलं आणि तुझी चूक नाही असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, पण माझं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तो माझ्या कुशीत लाकडासारखा ताठ होता. मी तरी त्याला काय सांगणार होते? तो म्हणत होता ते खरंच होतं. आणि मला दुसरीच भीती लागली. मायचा सगळा राग वहिनीवर होता, काकाजींचा सगळा राग दादावर होता, आणि दोन्ही घरं आता चूक कुणाची हे शोधून काढायला बसली होती. शोधत शोधत कुणीतरी या पोरापर्यंत पोचलं असतं. रागानं नाही पोचलं तरी पोचलं असतं. आणि पुढं सगळं आयुष्य गावात त्याची ओळख तीच राहिली असती.

आबा गोठ्यात बैलांसाठी सरकीची ढेप फोडत होते. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते ढेपेचे तुकडे टोपलीत टाकत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आनखी कोनाले सांगतलं?"

"नाही."

"मायले?"

"नाही, आबा."

"नको सांगू." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच ठेवून ते उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. दुपारच्या एसटीनं ते अकोल्याला गेले.

दादाचा पाय गुडघ्याच्या खालून कापला. जीव वाचला. ही बातमी किराणा दुकानातून आली, आणि दुकानदार स्वतः चालत आला, हळू पावलांनी. मायनं देवापुढं दिवा लावला आणि मग तिथंच बसून ती मोठ्यानं रडली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. मी नंदूला घेऊन बागेत गेले.

पुढच्या आठवड्यात आबा परत आले ते जीपमधून. सोबत वहिनी होती आणि काकाजी. काकाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी जावयासाठी दवाखान्यात दिवस-रात्र काढले होते. पण त्यांचे डोळे तांबारलेले होते आणि ओसरीवर घातलेल्या सतरंजीवर ते बसलेच नाहीत. म्हणाले, "पोरगी अन् लेकरू मी घेऊन जातो. जावई बरे होईपर्यंत नाही, कायमचं म्हणा. इथं यांच्या जिवाचं काही खरं नाही."

मायला राहवलं नाही. ती म्हणाली, "लेकरू ट्रॅक्टरवर चढवलं कोनं, हे पुसा आपल्या लेकीले. घरात सांगून ठेवलं होतं, बसवाचं नाही म्हनून."

वहिनी उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं खांब धरला.

"अन् चालवत कोण होतं?" काकाजी म्हणाले. "भरल्या ट्रॉलीनं उतार कसा उतरावा, एवढं समजत नव्हतं काय तुमच्या वसंताला? एका हातानं चालवायचा, मी पाहिलं आहे डोळ्यांनी. जोरात असणार. नाहीतर असा उलटतो काय?"

"माह्या पोराले काही बोलू नका," माय म्हणाली. "थो अर्धा झाला."

शब्दाला शब्द लागत गेला. आबा आंगणात जीपजवळ उभे होते. मी नंदूला आत न्यायला वळले, पण उशीर झाला होता. काकाजींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो कोपऱ्यात आपल्या शेडपाशी उभा होता, लाल ट्रॅक्टर छातीशी धरून. काकाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बेटा, तू तर तिथंच होता न? तू सांग. भिऊ नको. काय झालं होतं? गाडी जोरात होती काय?"

वहिनी, माय, दारात जमलेले शेजारी, सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. नंदूनं माझ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे. तो खोटं बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

"त्याले काय इचारता," आबा म्हणाले.

ते आंगणातून ओसरीवर आले होते. काकाजी आणि नंदू यांच्यामध्ये येऊन ते उभे राहिले. "मले इचारा. ब्रेक सैल होते ट्रॅक्टरचे. वसंता कवाचा म्हनत होता, आबा, ब्रेक पाहून घेऊ. मीच म्हनलं, कापूस जाऊ दे, मंग पाहू. उतारावर ब्रेक लागला नाही. पोट्ट्याचा दोष नाही, सुनेचा नाही, वसंताचाही नाही. माहा होय."

काकाजी हळूहळू उठले.

"तुम्ही," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं, अन् तुम्ही त्याला भरली ट्रॉली घेऊन जाऊ दिलं."

"हो."

"पोटच्या पोराचा पाय घेतला तुम्ही."

"हो," आबा म्हणाले.

माय त्यांच्याकडे पाहत होती. तिनं तोंडावर पदर घेतला होता आणि पदराच्या वर फक्त डोळे होते. त्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते बायकोच्या डोळ्यांत कुणाला पाहायला लागू नये. ताडपत्रीखालचा ट्रॅक्टर कुणी तपासला असता तरी काही कळलं नसतं. उलटून पडताना ब्रेकच्यासुद्धा सगळ्या दांड्या वाकून गेल्या होत्या.

काकाजींनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. "चल शोभा," ते म्हणाले. वहिनी खांब सोडून पुढं आली, आणि जीपकडे न जाता नंदूपाशी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला पोटाशी धरलं. मग वडिलांना म्हणाली, "मी यायच्यासोबत दवाखान्यात राहीन, अन् घरी आनलं की इथंच राहीन. नंदू इथंच राहू द्या, भाऊ." ती तिच्या वडिलांना भाऊ म्हणायची. काकाजी एकटेच जीपमध्ये चढले आणि निघून गेले. त्यानंतर ते आमच्या गावात आले की जीपमध्येच बसून राहत, लेकीला आणि नातवाला तिथं बोलावून भेटत. मरेपर्यंत त्यांनी आमची ओसरी चढली नाही.

जीप गेल्यावर आबा शेडपाशी खाली बसले. नंदू त्यांच्याजवळ गेला.

"ब्रेक सैल होते?"

"हो बापू."

"मंग माहा ट्रॅक्टर पडला, थे?"

"थे खेळनं होय. खेळन्यानं कुठं एवढा मोठा ट्रॅक्टर पडते काय?"

नंदूनं विचार केला. चांगला वेळ घेतला त्यानं. मग वाकलेल्या चाकाचा लाल ट्रॅक्टर त्यानं दारातून आत घातला, बाकीच्यांना सरकवून जागा केली आणि कातड्याच्या बिजागरीचं दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी तो दूध-भाकर जेवला आणि जेवता जेवता इतका बोलला, इतका बोलला, की शेवटी माय त्याच्यावर खेकसली, "आधी गिळ अन् मंग बोल."

हे लिहायच्या आधी मी नंदूला सगळं सांगून विचारून घेतलं आहे. तोच आता ती सगळी शेती पाहतो, त्याची मुलं मोठी झाली. तो म्हणाला, "लिही आत्या. पन आबाबद्दल नीट लिही." म्हणून हेही लिहायला हवं, की त्या दिवसानंतर गाव आबांबद्दल काय बोलायचं ते त्यांनी ऐकलं आणि कधी उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्याच्या चालढकलीनं पोराचा पाय गेला, असं पारावर त्यांच्या देखत बोललं जायचं. मायनं त्यांचं सगळं केलं, पण त्यांच्याशी पूर्वीसारखी ती पुन्हा कधी बसली-बोलली नाही. आणि नंदू मिसरूड फुटायच्या वयात आला तेव्हा कशावरून तरी वाद झाला, आणि तो आबांना तोंडावर म्हणाला, "तुम्ही काय सांगता मले, तुम्ही माह्या बापाले लंगडा केलं." मी माहेरी आले होते, तिथंच होते. मला वाटलं, आता आबा बोलतील. आबा म्हणाले, "हो बापू, चुकलंच थे." आणि पागोटं घालून शेतात निघून गेले.

आबा गेले त्या वर्षी मी आणि दादा शेताच्या धुऱ्यावर बसलो होतो. नकली पाय काढून त्यानं बाजूला ठेवला होता आणि गुडघा चोळत होता. पऱ्हाटीत वेचणी चालू होती. आपणहूनच तो म्हणाला, "कुंदे, ब्रेक चांगले होते. आदल्याच आठवड्यात अंजनगावले नेऊन नीट करून आनले होते. आबा संगं होते माह्या. तिथंच बाकड्यावर बसून चहा पेले."

मग मी विचारलं, "अन् तू कवाच काहून नाही बोलला?"

"पाय कापाच्या आदल्या दिवशी आबा आले दवाखान्यात," दादा म्हणाला. "शोभाले बाहेर पाठवलं. माह्या उशाशी बसले अन् म्हने, वसंता, ट्रॅक्टरचे ब्रेक सैल होते. मी म्हनलं, नाही आबा, आपुनच तं नीट करून आनले. त्यायनं माहा हात धरला. नंदूनं कुंदाले काय सांगतलं थे सांगतलं. अन् पुन्हा म्हने, वसंता, ब्रेक सैल होते." दादानं नकली पाय जवळ ओढला. "मंग मी म्हनलं, हो."